मातीचा किल्ला, घराचा पाया

दिवाळी जवळ आली की बाजारात पणत्या, रांगोळी आणि आकाशकंदील यांच्या जोडीला आता आणखी एक वस्तू विक्रीला मांडलेली दिसते. ती म्हणजे तयार किल्ला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, रंगवलेला, बुरूज आणि दरवाजा साच्यातून काढलेला. पैसे मोजायचे, गाडीत ठेवायचा, अंगणात किंवा गच्चीवर मांडायचा आणि वर महाराजांची मूर्ती बसवायची, की झाला किल्ला. ज्यांच्या घराला अंगण नाही, ज्यांना मूठभर मातीसाठी रोपवाटिकेची वाट धरावी लागते, त्या महानगरवासीयांनी हा मार्ग पत्करला तर त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. परंतु शहरातील सोय ही गावात प्रतिष्ठा म्हणून पोहोचते, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. ज्या गावाच्या पायाशी नदी दरवर्षी गाळ आणून टाकते, तेथील मुलाच्या हातीही उद्या साच्यातला किल्ला आला, तर तो बदल केवळ सजावटीचा मानता येणार नाही.

निफाड तालुक्यातील सायखेडा हे असेच गोदाकाठचे गाव. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर, एका काठाला सायखेडा आणि पलीकडच्या काठाला चांदोरी. पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि रामसर यादीत समाविष्ट झालेले तेथील पक्षी अभयारण्य. भोवती काळी, कसदार जमीन. तिच्यात ऊस, कांदा आणि द्राक्षबागा. गोदामाई या परिसराला भरभरून देते आणि कधी रागावतेही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील महापुरांत सायखेडा-चांदोरीने काय सोसले, हे तेथील घराघराला ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर उंबऱ्याच्या आत साचलेला चिखल ज्यांनी फावड्याने ओढून काढला, त्यांना मातीचे मोल आणि मातीचा भार हे दोन्ही कोणी शिकवावे लागत नाही. मग प्रश्न असा की, हे ज्ञान त्यांच्या मुलांपर्यंत कसे पोहोचते? की पोहोचतच नाही?

या प्रश्नाला एक बोचरी बाजू आहे. द्राक्षाच्या पट्ट्यातील कोणत्याही शेतकरी घरात मुलाला ऐकवले जाणारे एक वाक्य असते : नीट शीक, नाही तर आमच्यासारखे मातीत हात घालावे लागतील. वाक्य मायेपोटी येते. अवकाळी पावसाने घड कुजताना पाहिलेल्या, कांद्याचा भाव एका आठवड्यात कोसळताना अनुभवलेल्या बापाच्या तोंडून ते येते, म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण मुलाच्या मनात त्यातून जे रुजते ते असे की, माती ही शिक्षा आहे. हाताने काम करणे हे अभ्यासात मागे पडलेल्याचे प्राक्तन आहे. पुढे हाच मुलगा शिकतो, शहरात जातो, त्याचे बरे होते. मात्र बापाच्या हातांकडे पाहताना त्याच्या नजरेत आदराऐवजी दया असते. आणि जो शिकूनही शेतीत राहतो, त्याला लग्नासाठी मुलगी मिळत नाही. ज्या समाजाने भूमीला माता म्हटले, त्याने आपल्याच लेकरांना तिच्या स्पर्शाची लाज शिकवावी, यापरता विपर्यास कोणता?

म्हणूनच दिवाळीतला किल्ला ही लहान गोष्ट ठरत नाही. वर्षातले हे चार दिवस असे आहेत की, या दिवसांत मातीत हात घालणे हे शेतकऱ्याच्या आणि नोकरदाराच्या, सुताराच्या आणि सावकाराच्या मुलाला सारखेच भूषणाचे असते. हाताला चिखल लागला म्हणून आई रागावत नाही. चिखल कालवणारी पोरे जातपात विचारत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर दगडविटांचा ढीग पडला की कोण कोणाच्या घरचा, हे विसरून सारे हात एकाच बुरुजाला लागतात. सामाजिक समरसतेवर व्याख्यान देण्याआधी वक्त्यांनी हे दृश्य एकदा पाहून यावे.

किल्ला कसा होतो, हे नव्याने सांगण्याची गरज पडावी, हे दुर्दैव. तरीही ते सांगितले पाहिजे. आधी जागा निवडायची. मग दगड, फुटक्या विटा, जुनी खोकी यांचा सांगाडा रचायचा. त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पांघरायचे, म्हणजे डोंगराला आपोआप घड्या पडतात आणि कडे, घळी, सोंडा दिसू लागतात. वर चाळलेल्या मातीचा लेप द्यायचा. काडीने पायऱ्या कोरायच्या, तट ओढायचा, दरवाजा असा वळवायचा की शत्रूला तो समोरून दिसू नये. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून पाण्याचे हलके शिंतोडे देत राहायचे. तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. पायथ्याशी गाव वसवायचे, विहीर खणायची, शेत नांगरायचे. आणि सर्वांत शेवटी, सारे गडकोट सिद्ध झाल्यावर, छत्रपती शिवाजी महाराजांना सिंहासनी बसवायचे.

यातील प्रत्येक कृतीत एक धडा आहे आणि तो पुस्तकाबाहेरचा आहे. माती फार ओली असली तर तट खचतो, फार कोरडी असली तर तडकतो. काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात थोडी वाळू किंवा भुसा मिसळावा लागतो. हे शेतकरी बापाला आपोआप माहीत असते. मुलाला ते त्या दिवशी कळते आणि आपल्या बापाला किती कळते, हेही त्याच दिवशी कळते. गडावर पाण्याचे टाके कोठे खोदावे, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने खाली यावे, हे तांब्याभर पाणी ओतून पाहिल्याशिवाय समजत नाही. सायखेड्यासारख्या पूर सोसलेल्या गावातील मूल जेव्हा आपल्या हाताने ओतलेल्या पाण्याने पायथ्याचे गाव बुडताना पाहते आणि दुसऱ्या दिवशी ते गाव उचलून थोडे वर वसवते, तेव्हा भूगोलाचा एक संपूर्ण पाठ त्याने शिकलेला असतो.

या वयात इतिहासही असाच हातांतून शिरतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशाची साक्ष देणाऱ्या १२ दुर्गांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. त्यातील ११ महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. त्या अकरांत नाशिक जिल्ह्याचा साल्हेर आहे. कळसूबाईनंतरचे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर मिरवणारा, बागलाणातील हा दुर्ग. १६७२ मध्ये याच साल्हेरच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मोगलांच्या प्रचंड फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला आणि सूर्यराव काकडे यांनी तेथे देह ठेवला. मराठे केवळ डोंगरकपारीत लढू शकतात, हा समज त्या दिवशी मोडला. जिल्ह्यातील किती मुलांनी साल्हेर पाहिला आहे? आणि ज्यांना पाहणे जमले नाही, त्यांच्यापैकी किती जणांनी तो निदान अंगणात उभा केला आहे? साच्यातून निघणाऱ्या किल्ल्याला नाव नसते. तो राजगड नसतो, साल्हेरही नसतो. तो फक्त ‘किल्ला’ असतो. ज्या मुलाने साल्हेर आणि त्याला खेटून असलेला सालोटा यांची जोडी मातीत उभी केली, त्याला त्या दोहोंमधील खिंडीचे महत्त्व परीक्षेसाठी पाठ करावे लागणार नाही.

दिंडोरी तालुक्यातील रामसेजचे उदाहरण तर या विषयाला आणखी जवळचे. १६८२ पासून औरंगजेबाच्या सेनापतींनी या छोट्या गडाला वेढा घातला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तो त्यांना दाद देईना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करवून त्या चामड्याने मढवल्या आणि त्यांनीच शत्रूला जेरीस आणले, अशी नोंद मोगलांचाच इतिहासकार खाफीखान याने केली आहे. हाताशी जे आहे त्यातून जे हवे ते घडवणे, ही रामसेजची शिकवण. चार काटक्या, सुतळी आणि रिकाम्या डब्या यांतून तोफगाडा तयार करणारे मूल नकळत त्या परंपरेशी नाते जोडत असते. सारे काही विकत मिळते, असे ज्याच्या मनावर बिंबले आहे, त्याला रामसेजचा किल्लेदार कधी समजणार नाही.

नाशिकच्या मातीने याचे आधुनिक उदाहरणही दिले आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला, हे सर्वांना ठाऊक असते. तो पाया घरात घातला गेला, याची आठवण मात्र क्वचितच कोणी ठेवतो. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी १९१२ मध्ये प्रथम एक लघुपट केला. विषय होता, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे अंकुरणे. रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ते रोप पडद्यावर वाढवून दाखवले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनच्या कामात पत्नी सरस्वतीबाईंनी हात दिला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाची भूमिका मुलगा भालचंद्र याने केली आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. आईवडील आणि मुले यांनी मिळून घरात काही घडवावे आणि त्यातून एका राष्ट्राची कला उभी राहावी, असे हे उदाहरण आहे. प्रत्येक घरातून फाळके निघणार नाहीत. परंतु ज्या घरात कुंडीतला अंकुर बापलेकांनी मिळून कधी पाहिलाच नाही, त्या घरातून ते कधीच निघणार नाहीत, हे निश्चित.

आपल्या पूर्वजांनी सणांची योजना केली तीच मुळी अशी की, वर्षाचा प्रत्येक ऋतू घरातील लहानमोठ्या हातांना एकत्र आणील. पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात शाडूचा गणपती, नवरात्रात घटाच्या मातीत पेरलेले धान्य, दिवाळीला कामट्यांचा आकाशकंदील आणि किल्ला, संक्रांतीला पतंग. येवल्यात आजही संक्रांतीचे दिवस पतंग आणि आसारी यांनी गजबजलेले असतात. कामटी किती वाकवली म्हणजे पतंग तोल सांभाळतो, खळ किती पातळ केली म्हणजे कागद सुरकुतत नाही, हे ज्ञान बापाकडून लेकाकडे, आजीकडून नातीकडे असेच चालत आले. त्यात मुलगा-मुलगी असा भेद करण्याचे कारण नाही. तट रचणाऱ्या हातांत मुलीचे हात असावेत आणि रांगोळीच्या ठिपक्यांत मुलाचेही. जिजाऊंनी शिवबांना घडवले, असे आपण म्हणतो. घडवणे या शब्दातच हातांचे काम अभिप्रेत आहे.

आता अडचणींचे बोलू. सायखेड्याच्या परिसरातील द्राक्ष बागायतदाराला दिवाळीत मुलासोबत किल्ला करायला सांगणे सोपे आहे, त्याला ते जमणे कठीण आहे. ऑक्टोबर छाटणीचा तोच हंगाम. छाटणी झाली की डोळे फुटण्यासाठी पेस्ट लावायची, फुटवे आले की विरळणी, त्यातच ढगाळ हवा आली की डावणीच्या भीतीने दिवसाला दोन-दोन फवारण्या. सण असो वा सुतक, बाग थांबत नाही. नोकरदाराला सुटी असते, शेतकऱ्याला नसते. म्हणूनच त्याला उपदेश करण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे एकच विचार ठेवावासा वाटतो. मुलाला पूर्ण दिवस नको असतो. पहाटे फवारणीला जाण्याआधी पाटीभर माती अंगणात आणून टाकली आणि संध्याकाळी परतल्यावर अर्धा तास त्या ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसले, तरी पुरते. बुरूज मुलाने रचावा, तो का ढासळतो ते बापाने सांगावे. त्या अर्ध्या तासात शेतीचा, हवामानाचा, कर्जाचा विषय आपोआप निघतो आणि बापाच्या कष्टांबद्दल जे दहा वर्षे सांगून कळत नाही, ते मुलाला सहज कळते.

अडचण परिस्थितीचीच असते असे नाही, वृत्तीचीही असते. काही घरांत किल्ला होतो, पण तो आईवडीलच करतात. मूल बाजूला मोबाइल घेऊन बसलेले असते आणि छायाचित्रापुरते पुढे येते. शाळेच्या प्रकल्पांचे तेच. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, सारे काही दुकानात तयार मिळते. शिक्षकांना ते कळते, पालकांना ते कळते आणि मुलालाही कळते की, सारे जण मिळून खोटे बोलत आहेत. गुण मिळतात, पण त्या लहान वयात मिळालेला अप्रामाणिकपणाचा हा पहिला धडा आयुष्यभर पुरतो. आणि हिंदुत्वाचा विचार मानणाऱ्या मंडळांनीही स्वतःकडे पाहावे. किल्ले स्पर्धा भरवायच्या, त्यात भव्यतेला पारितोषिक द्यायचे, मग मंडळांनी कारागीर बोलावून, थर्माकोल कापून, विजेची रोषणाई करून दहा फुटी राजगड उभा करायचा आणि मुलांनी दोरीबाहेर उभे राहून तो पाहायचा, ही शिवरायांची उपासना नव्हे. महाराजांचे गड मावळ्यांच्या हातांनी उभे राहिले होते. त्यांच्या नावाच्या स्पर्धेत मुलांच्या हातांना काम नसेल, तर ती स्पर्धा कितीही गर्दी खेचो, फसलेली आहे.

शासनाच्या पातळीवर काही योग्य पावले पडली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, असे म्हटले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने १८ पारंपरिक व्यवसायांना हात दिला. त्यांत कुंभार, सुतार, लोहार यांच्याबरोबर बाहुल्या आणि खेळणी करणारेही आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मधील सुधारित सूचनांत मूर्तींसाठी प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी नैसर्गिक मातीचा आग्रह धरला. फिनलंडसारख्या देशाने तर १८६६ मध्येच हस्तकौशल्य हा शाळेतील सक्तीचा विषय केला होता आणि आज त्याच देशाच्या शिक्षणपद्धतीचे गोडवे जगभर गायले जातात. पण धोरण शाळेच्या दारापर्यंत येते, घराच्या उंबऱ्याच्या आत ते येऊ शकत नाही. गावातल्या कुंभाराच्या चाकापाशी मुलाला घेऊन जाणे, तुमच्या हातात ही कला कशी आली असे त्याला आदराने विचारणे आणि मुलाच्या हातून एक वेडीवाकडी पणती घडू देणे, यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

२०२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीत पदार्पण केले. त्या निमित्ताने समाजापुढे पंचपरिवर्तनाचे सूत्र ठेवले गेले : सामाजिक समरसता, कुटुंबप्रबोधन, पर्यावरण, स्वदेशी जीवनशैली आणि नागरी कर्तव्य. या पाच विषयांवर बैठका झाल्या, पुस्तिका निघाल्या, भाषणे झाली. ती आवश्यकही आहेत. परंतु ज्या अंगणात आईवडील आणि मुले मिळून गावच्याच मातीचा किल्ला करतात, शेजारची सारी पोरे त्यात सामील होतात आणि सण संपल्यावर आपला पसारा स्वतः आवरतात, त्या अंगणात ही पाचही सूत्रे एकही शब्द न उच्चारता आचरणात आलेली असतात. कुटुंबप्रबोधनाच्या कार्यकर्त्यांनी येत्या दिवाळीत गावोगावी एवढा आग्रह धरावा : किल्ला मातीचाच असावा, तो मुलांच्या हातचा असावा, मोठ्यांनी फक्त साथ द्यावी आणि प्रत्येक किल्ल्याला नाव असावे, म्हणजे त्या नावाची गोष्ट घरात एकदा तरी सांगितली जाईल. स्पर्धा ठेवायचीच असेल तर परीक्षकांनी किल्ल्याची उंची मोजू नये. तो करणाऱ्या मुलाला दोन प्रश्न विचारावेत आणि त्याच्या नखांतली माती पाहावी.

तुळशीचे लग्न लागले की किल्ला आवरायची वेळ येते. साच्यातला किल्ला तोवर कोठेतरी टवका उडून पांढरा पडलेला असतो. तो माळ्यावर जातो किंवा कचऱ्यात, आणि कचऱ्यातही तो विरघळत नाही. मातीचा किल्ला मात्र मुलाने स्वतःच फावड्याने मोडायचा असतो. मोडताना त्याला वाईट वाटते, ते वाटू द्यावे. मग ती माती पाटीत भरून परसातल्या आंब्याच्या आळ्यात किंवा बांधापलीकडच्या शेतात पसरायची. गोदावरीने आणलेला गाळ पुन्हा शेतात जातो, पुढच्या वर्षी पुन्हा अंगणात येतो. साल्हेर मावळला तरी तो कोठून चढायचा, हे मुलाच्या बोटांना आता माहीत असते. आणि पाटीचा दुसरा कान बापाने धरलेला असतो, हेही ते मूल विसरत नाही.